भाड्याच्या घरात परत परत येणारी बुरशी : दुरुस्ती कोणाची, खर्च कोणाचा?

कपाट पुढे ओढलं तेव्हा आधी वास आला. बंद ट्रंकेतल्या जुन्या कपड्यांचा येतो तसा, कुबट. मग मोबाइलचा टॉर्च लावला. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके होते, कोणीतरी शाईचा ब्रश झटकावा तसे, आणि कपाटाच्या पाठीच्या प्लायवर त्याच आकाराचा करडा, मऊ थर. दोनच महिन्यांपूर्वी ही जागा मी स्वतः घासून, पुसून कोरडी केली होती. घरमालकांना फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘खिडक्या उघडत जा जरा.’ मी लिहिलं, ‘काका, रोज उघडतो.’ त्यावर एक अंगठा आला आणि विषय संपला.

भाड्याच्या घरातल्या बुरशीचे बहुतेक वाद इथेच अडकतात. मालक म्हणतो राहणाऱ्याची सवय वाईट, भाडेकरू म्हणतो घरच वाईट. दोघांची नजर त्या काळ्या डागावर असते. डागावरून मात्र जबाबदारी ठरत नाही, ती ठरते पाण्यावरून. बुरशी जगली ती कुणाच्या ताब्यातल्या गोष्टीतून आलेल्या पाण्यावर, एवढा एक प्रश्न सुटला की बाकीची भांडणं बरीचशी आपोआप मिटतात.

याचं कारण बुरशीच्या स्वभावात आहे. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या घरात आणि मालकाच्याही. खायला तिला भिंतीचा रंग, प्लाय, कागद, साधी धूळसुद्धा चालते. आपल्याला सोसतं तेवढं तापमान तिलाही सोसतं. घरात तिला कमी पडतं ते फक्त पाणी. तेही वाहतं असायला हवं असं नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता (हवा धरू शकते त्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे ते माप) काही दिवस सलग ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं.

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण सगळी वादावादी त्यातच दडलेली आहे. २० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते. तीच हवा १० अंशांवर आली की तिची क्षमता ९ ग्रॅमच्या आसपास उरते. आता खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता आहे असं धरा, म्हणजे अगदी आरामशीर हवा. तीच हवा कपाटामागच्या साडेबारा अंशांच्या गार भिंतीला टेकली की तिथे आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. भिंतीवर पाण्याचा थेंब दिसत नाही, हाताला ओल लागत नाही, खोलीच्या मध्यभागी ठेवलेला आर्द्रतामापक ‘सगळं ठीक’ दाखवतो. कपाटामागे मात्र बुरशीचा संसार थाटलेला असतो. उन्हाळी दमट हवेत हाच खेळ उलटा चालतो. एका खोलीतला एसी मधली भिंत गार करतो आणि पलीकडच्या न गारवलेल्या खोलीत त्या भिंतीवर दव धरतं.

त्यामुळे ‘मी रोज खिडकी उघडतो’ आणि ‘घरात कुठेही गळती नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

पाण्याचा माग कसा काढायचा

गळतीचा डाग सहसा ओळखू येतो. त्याला पिवळट-तपकिरी कड असते, कधी एकात एक वर्तुळं असतात. पाऊस पडल्यावर वाढून नंतर फिका पडत असेल तर पाणी छतातून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येतंय. पावसापाण्याशी संबंध न ठेवता बारा महिने तसाच राहत असेल तर भिंतीतला पाइप किंवा वरच्या मजल्याची मोरी तपासा. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावर दिसते. ती खालून वर येते आणि बहुतेकदा एखाद मीटरच्या आत थांबते. तिथे रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो. त्या खारात बुरशी फारशी वाढत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तिसरा प्रकार वाफेचा. याला कड नसते. काळे ठिपके विखुरलेले असतात आणि जागा ठरलेल्या असतात : बाहेरच्या भिंतींचे कोपरे, खिडकीची चौकट, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, जिथे हवा खेळत नाही आणि भिंत गार पडते तिथे. चार माणसांचं घर श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक आणि कपडे वाळवणं धरून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी हवेत सोडतं. बादलीभर पाणीच म्हणा. ते बाहेर पडलं नाही तर कुठेतरी बसणारच.

डोळ्यांनी ठरत नसेल तर एक जुनी, फुकटातली युक्ती आहे. डागाजवळचा स्वच्छ भाग पुसून कोरडा करा, त्यावर वहीच्या पानाएवढा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवा आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूला दव असेल तर वाफ हवेतली आहे. फॉइलच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दुसरी चाचणी पाण्याच्या मीटरची. घरातले सगळे नळ बंद करा, आकडा टिपून ठेवा, दोन तास कोणी पाणी वापरू नका, परत बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी लपलेली गळती आहे. मोरीतला एक्झॉस्ट पंखा खरंच हवा ओढतो का, हे टिश्यू पेपरने कळतं. पंखा चालू असताना जाळीवर लावलेला कागद चिकटून राहिला पाहिजे. खाली पडला तर तो पंखा नुसता आवाज करणारा आहे.

माझ्याकडे फॉइल पाठीमागून ओलं निघालं आणि मीटरचा शेवटचा आकडा दोन तासांत पुढे सरकला होता. दोन्हींचे फोटो पाठवल्यावर काकांचं उत्तर बदललं. ‘उद्या प्लंबर पाठवतो.’ भिंतीच्या पलीकडे मोरी होती. एक टाइल फोडल्यावर आत पाइपचा जोड दिसला, त्यातून थेंब थेंब पाणी येत होतं. खिडकी चोवीस तास उघडी ठेवली असती तरी त्या थेंबांना काय फरक पडणार होता?

मग जबाबदारी कोणाची

जगभरातल्या भाडे-कायद्यांचे शब्द वेगवेगळे, पण कणा बराच सारखा आहे. इमारतीचा सांगाडा, छत, बाहेरच्या भिंती, भिंतीतले पाइप, हवा खेळण्याची कायमची सोय ही मालकाची. घर नीट वापरणं, रोजची स्वच्छता, काही बिघडलं तर वेळेवर कळवणं आणि दुरुस्तीला येणाऱ्याला आत येऊ देणं हे भाडेकरूचं. म्हणून गळती आणि जमिनीतली ओल या दोन प्रकारांत फारसा वाद उरत नाही, भाडेकरूने स्वतः काही फोडलं नसेल तर खर्च मालकाचा. पाणी वरच्या मजल्यावरून येत असलं तरी भाडेकरूने वरच्यांशी भांडत बसायचं कारण नाही. त्याचा करार घरमालकाशी आहे. वरच्या फ्लॅटकडून किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाकडून काम करून घेणं हे मालकाच्या गळ्यातलं लोढणं.

खरी कसोटी वाफेची. तिथे मी एकच प्रश्न लावून बघतो : या घरात सामान्य माणसाने सामान्य पद्धतीने राहायचं ठरवलं तर बुरशी येईल का? येत असेल तर घरात खोट आहे. आंघोळ करणं ही काही वाईट सवय नाही, स्वयंपाक ही चैन नाही. मोरीला खिडकीही नाही आणि पंखाही नाही, खिडकी रंगाने चिकटून बसलीय, बाहेरच्या भिंतीतून काँक्रीटचा बीम थेट आत आल्याने तो कोपरा कायम गार पडतो, अशा घरात वाफेचा दोष राहणाऱ्यावर टाकणं बरोबर नाही. उलट पंखा आहे पण आवाज होतो म्हणून कायम बंद, झरोका कापड कोंबून बुजवलाय, ओले कपडे दार बंद करून आत वाळत घातलेत, दोघांच्या घरात सात जण राहतायत, तर मालकाची तक्रार रास्त आहे. आणि बऱ्याच घरांत दोन्ही असतं. भिंतही गार, कपडेही आत. मग खर्चाची वाटणी हाच शहाणपणाचा मार्ग. मालकाने पंखा बसवावा, भाडेकरूने तो चालवावा.

जर्मनीत हा वाद कोर्टात इतक्या वेळा गेलाय की तिथे पायऱ्याच ठरून गेल्या आहेत. आधी मालकाने दाखवायचं की दोष इमारतीत नाही. ते दाखवल्यावर भाडेकरूने दाखवायचं की आपण घर नीट हवेशीर ठेवलं. दोष मोठा असेल तर तिथल्या नागरी संहितेच्या कलम ५३६ नुसार भाडं त्या प्रमाणात आपोआप कमी होतं. पण दोष वेळेवर कळवला नसेल तर ती सवलत हातची जाते. मालकाच्या बाजूचाही एक निकाल आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटलं की इमारत बांधली तेव्हाच्या मानकांप्रमाणे असेल तर केवळ भिंतीचे काही भाग गार पडतात म्हणून घर सदोष ठरत नाही. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं किंवा तीनदा दहा मिनिटं खिडक्या सताड उघडणं ही सरसकट अवाजवी अपेक्षा नाही, असंही त्यात आलं. जुन्या घरातल्या भाडेकरूला हा निकाल टोचतो, मलाही थोडा टोचतो. पण त्याचा एक फायदा झाला, ‘नीट हवा द्या’ या मोघम वाक्याला मिनिटांचं माप मिळालं.

इंग्लंडमध्ये वळण आलं ते एका मुलाच्या मृत्यूमुळे. रॉचडेलमधला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो दगावला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. उत्तर मिळालं होतं, वरून रंग मारा. तिथल्या गृहनिर्माण लोकपालांनी तर त्या निष्कर्षाच्या वर्षभर आधीच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ओल आणि बुरशीवर अहवाल काढला होता. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हा राहणीमानाचा दोष नाही. अवाबच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणाला, म्हणजे स्थानिक परिषदा आणि गृहसंस्थांच्या स्वस्त भाड्याच्या घरांना, लागू झाला. ओल आणि बुरशीचा मोठा धोका कळवल्यावर दहा कामकाजी दिवसांत तपासणी, ती संपल्यावर पाच कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करणं आणि तातडीचा धोका असेल तर चोवीस तास, असं वेळापत्रक त्यात आहे.

भारतात बुरशी हा शब्द धरून शोधायला गेलात तर हाती फार लागणार नाही, पण तत्त्व सापडतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की घरातला मोठा दोष मालकाला माहीत असेल आणि साध्या पाहणीत तो दिसण्यासारखा नसेल, तर मालकाने तो आधी सांगायला हवा. नव्या रंगाखाली झाकलेला जुना ओलावा इथे आठवावा. जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. भाडेकरूवरही बंधन आहे : घर घेतलं तसं ठेवायचं, वापराने होणारी झीज सोडून. मात्र हे कलम करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हाचं आहे, म्हणून भाडेकरार आधी नीट वाचा. राज्यांसाठी नमुना म्हणून केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या आदर्श भाडेकायद्याच्या यादीत बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी आणि पाइप बदलणं मालकाकडे आहे, तर नळाचा वॉशर, तुंबलेला निचरा, बेसिनची दुरुस्ती भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा कायदा तिथे लागू होत नाही, पण करार लिहायला बसताना ती यादी समोर ठेवायला काय हरकत आहे?

या सगळ्यात कळवण्याची तारीख दोन्हीकडे महत्त्वाची ठरते. मालकाला माहीतच नव्हतं तर तो बरेचदा सुटतो, आणि माहीत असून बसून राहिला तर चांगलाच अडकतो. फोनवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. व्हॉट्सॲप चालेल, ईमेल उत्तम. भाषा भांडणाची नको, नोंदीची हवी. साधारण अशी : ‘बेडरूमच्या उत्तरेकडच्या भिंतीला ३ तारखेला बुरशी दिसली, फोटो जोडले आहेत. गेल्या महिन्यात १० तारखेला हीच जागा साफ केली होती. मोरीचा पंखा रोज चालू असतो. ओल कुठून येते ते तपासायला माणूस कधी पाठवता ते कळवा. शनिवारी आणि रविवारी मी घरी आहे.’ यात कुठेही ‘तुमची चूक’ नाही, पण वाचणाऱ्याला काय नोंदलं जातंय ते कळतं.

आणि फोटो पुसण्याआधी काढा. ही चूक जवळपास सगळे करतात, मीही पहिल्या वेळी केली. किळस येते, आपण लगेच फडकं घेतो आणि पुरावा बादलीत जातो. डागाशेजारी मोजपट्टी धरा. एक फोटो जवळून, एक पूर्ण खोली दिसेल असा. पुसल्यावर परत एक काढा. त्याच जागी डाग पुन्हा आला की ही मालिकाच बोलते. एकदा आलेली बुरशी हा अपघात असू शकतो. साफ केल्यावर, हवा खेळती ठेवल्यावर त्याच चौकटीत परत उगवणारी बुरशी सांगते की पाणी अजून येतंय.

भाडं बंद करून बसायचा मोह होतो. तो टाळा. बहुतेक ठिकाणी परवानगीशिवाय थांबवलेलं भाडं म्हणजे थकबाकी, आणि मग चर्चा बुरशीवरून घर खाली करण्यावर जाते. कपात करायची तर आपल्या भागातला कायदा किती आणि कशी करू देतो ते वकिलाला विचारून, लेखी कळवून.

साफ करताना

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज वापरायला सोपा आहे : डाग साधारण दहा चौरस फुटांपेक्षा, म्हणजे तीन बाय तीन फुटांच्या आसपासपेक्षा लहान असेल तर घरच्या घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल किंवा सांडपाण्यामुळे आला असेल तर जाणकाराला बोलवा. हातमोजे, एन-९५ मास्क, खिडकी उघडी. कोरडा ब्रश फिरवू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा आणि जागा पूर्ण कोरडी करा. ब्लीच ओतल्याने डाग पांढरा पडतो म्हणून समाधान वाटतं, पण मेलेली बुरशीही ॲलर्जी देते आणि सच्छिद्र वस्तूंत आत शिरलेले तंतू तसेच राहतात. प्लाय, गादी, जिप्सम बोर्ड यांना बुरशी खोलवर लागली असेल तर त्या टाकून देणंच बरं. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर साफसफाई त्यांच्यासमोर करू नका.

‘काळी विषारी बुरशी’ म्हणून प्रयोगशाळेत नमुने पाठवायचा खर्च मला बहुतेक वेळा वायाच वाटतो. रंगावरून बुरशी किती घातक ते ठरत नाही, आणि घरातल्या हवेत किती बीजाणू चालतात याचं सर्वमान्य माप नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही असा आकडा दिलेला नाही. ओल येऊ देऊ नका आणि आली तर हटवा, यावरच भर आहे. तेच पैसे प्लंबरला द्या.

मालकांसाठीही एक व्यवहाराची गोष्ट. तपासणीला माणूस पाठवायचा खर्च दोन वर्षं चालढकल करून शेवटी अख्खा गिलावा काढण्याच्या खर्चापुढे काहीच नसतो. घर देताना रिकाम्या भिंतींचे, कपाटांच्या आतल्या कोपऱ्यांचे, मोरीच्या छताचे तारखेसह फोटो दोघांनी मिळून काढावेत. घर सोडताना अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापायचे की नाही, हा प्रश्न तेव्हा पाच मिनिटांत सुटतो. ज्या ओलीबद्दल भाडेकरूने वेळेवर लिहिलं आणि मालकाने काही केलं नाही, तिचे पैसे अनामतीतून कापणं टिकत नाही. ज्या बुरशीबद्दल भाडेकरू वर्षभर गप्प बसला, तिचा भार काही अंशी तरी त्याच्यावर येतो.

आमच्या मोरीतला जोड बदलला, टाइल बसली, पैसे काकांनी दिले. कपाटाची प्लाय मी माझ्या पैशांनी बदलली, कारण पहिला डाग दिसल्यावर मी त्यांना कळवलंच नव्हतं, गुपचूप पुसला होता. आठवड्याभरात रंगारी आला, भिंत चकाचक झाली. तीन आठवड्यांनी तिच्यावर हाताएवढे फुगे आले. मी परत फॉइल चिकटवलं, परत मीटर बघितला. आकडा जागचा हलला नव्हता. गळती खरंच थांबली होती, पण भिंत आतून वाळायच्या आधीच रंग मारल्याने उरलेली ओल कोंडली होती. काका स्वतः पत्रा घेऊन आले, आम्ही दोघांनी मिळून ते फुगे खरवडले आणि भिंत दोन महिने तशीच उघडी ठेवली.